रेडिएशन? कसलं, ते आधी सांगा!

पालघर-बोईसरची मुलं शिकायला मुंबई-पुण्याच्या हॉस्टेलवर गेली की पहिल्याच आठवड्यात एक विनोद त्यांच्या वाट्याला येतो. ‘तारापूरचा का तू? मग रात्री अंधारात चमकतोस का?’ सगळे हसतात, आपणही हसतो, विषय संपतो. पण सुट्टीत घरी आलं की तोच विनोद गंभीर चेहरा करून समोर उभा राहतो. सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर बसवायची गोष्ट निघाली की ‘नको, रेडिएशन असतं’. मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम केलं की ‘त्यात रेडिएशन उतरतं’. समुद्रात मासळी कमी मिळाली, रेडिएशन. रात्री एमआयडीसीकडून उग्र वास आला, तेही रेडिएशनच. काही जण तर सोनोग्राफीलाही रेडिएशन म्हणतात. आणि ती तर चक्क ध्वनिलहर आहे! आपल्या कानाला ऐकू येत नाही इतक्या वरच्या पट्टीतला आवाज.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या गावाच्या एका बाजूला देशातलं पहिलं अणुऊर्जा केंद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत, त्या गावच्या तरुणांना हा सैलपणा परवडणारा नाही. एकाच शब्दात सगळं कोंबलं की दोन तोटे होतात. जिथे भ्यायचं कारण नाही तिथे आपण भितो, आणि जिथे खरोखर प्रश्न विचारायला हवेत तिथे आपल्याला ते विचारताच येत नाहीत. दुसरा तोटा जास्त महागात पडतो.

आपल्याकडे शब्द आहेत, वापरत नाही

बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातलं ‘ड्युअल नेचर ऑफ रेडिएशन अँड मॅटर’ हे प्रकरण आठवतंय? नसेल तर मित्राला विचारा. त्या प्रकरणातलं ‘रेडिएशन’ म्हणजे काय? तर प्रकाश. साधा, ट्यूबलाइटचा, उन्हाचा प्रकाश. म्हणजे विज्ञानाच्या भाषेत तुम्ही हे पान वाचताय तेसुद्धा रेडिएशनच्याच मदतीने.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. ‘प्रारण’ म्हणजे कोणत्याही प्रकारे बाहेर फेकली जाणारी ऊर्जा, त्यात दिवाही आला आणि रेडिओही. ‘किरणोत्सर्ग’ म्हणजे अस्थिर अणुकेंद्रातून होणारं उत्सर्जन. इंग्रजीपेक्षा आपली सोय चांगली आहे. तरीही टॉवरच्या बातमीत सर्रास ‘किरणोत्सर्ग’ छापून येतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर थेट तारापूरचे घुमट उभे राहतात.

टॉवर, दिवा, एक्स-रे यांचं नातं काय, हे १८६५ मध्ये मॅक्सवेलने समीकरणांतून सांगितलं. वीज आणि चुंबकत्व यांची एकमेकांना ढकलत पुढे जाणारी लाट असू शकते, आणि तिचा वेग काढला तर तो प्रकाशाच्या वेगाइतकाच निघतो. मग प्रकाश हीच ती लाट! १८८७ च्या सुमारास हर्ट्झने डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा लाटा प्रयोगशाळेत तयार करून दाखवल्या. आज त्यांना आपण रेडिओलहरी म्हणतो. रेडिओ, मायक्रोवेव्ह, अवरक्त, दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण, गॅमा ही सगळी एकाच घरातली भावंडं. फरक तरंगलांबीचा. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर एवढीच फट पाहतो, बाकीचं सगळं घर आपल्यासाठी अंधारात.

पटत नसेल तर आत्ता करून बघा. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही, पण बहुतेक फोनच्या स्क्रीनवर रिमोटचं टोक लुकलुकेल. तो अवरक्त प्रकाश आहे. आणखी पुढचं उदाहरण हवं असेल तर नारायणगावजवळ खोडदला जा. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. जीएमआरटी नावाची ती दुर्बीण आकाशातल्या रेडिओलहरी टिपते, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात आकाश पाहते.

पावसाचे थेंब आणि सीझन बॉल

मग सगळी भावंडं सारखीच, तर घाबरायचं कुणाला? याचं उत्तर प्रकाशाच्या दुसऱ्या रूपात आहे, आणि परीक्षेत आपण नेमकं तेच दोन मार्कांचं गणित सोडवून विसरून जातो.

प्रकाश लाटेसारखा वागतो हे यंगने १८०१ च्या सुमारास दोन फटींतून प्रकाश पाठवून दाखवलं होतं. पण एक कोडं उरलं. काही धातूंवर जांभळा प्रकाश टाकला तर अगदी मंद असला तरी इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्याच धातूंवर लाल प्रकाश कितीही प्रखर टाका, एकही बाहेर येत नाही. प्रकाश नुसती लाट असता तर जास्त प्रखर म्हणजे जास्त जोर, आणि कधीतरी इलेक्ट्रॉन सुटायलाच हवा होता. १९०५ मध्ये आइनस्टाइनने सांगितलं की प्रकाशाची ऊर्जा पुड्या बांधल्यासारखी येते. एका पुडीत किती ऊर्जा, हे त्या प्रकाशाच्या वारंवारतेवर ठरतं. प्रखरता वाढवली की पुड्या वाढतात, पुडीचं वजन वाढत नाही. १९२१ चं नोबेल त्याला मुख्यतः यासाठी मिळालं, सापेक्षतावादासाठी नव्हे. या पुडीलाच आपण फोटॉन म्हणतो.

आपल्याकडच्या पावसाचं उदाहरण घ्या. जून ते सप्टेंबर खिडकीच्या काचेवर किती थेंब आपटत असतील? काच फुटत नाही. पण ग्राउंडवरून एक सीझन बॉल नीट लागला की तिचा चुरा. चार महिन्यांच्या थेंबांची एकूण ऊर्जा मोजली तर ती त्या एका बॉलपेक्षा कितीतरी जास्त भरेल. पण काच फोडायला एका फटक्यात पुरेसा जोर लागतो, आणि तो थेंबाकडे नाही.

आपल्या पेशीतल्या रेणूंचं बरंचसं असंच आहे. त्यांच्यातला इलेक्ट्रॉन उडवायचा, डीएनएचा बंध तोडायचा, तर फोटॉन तेवढा दमदार लागतो. आता आकडे बघा. हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण सव्वादोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट. १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीचा फोटॉन त्याहून सुमारे ३ लाख पट दुबळा. आणि अणुभट्टीत तयार होणाऱ्या सीझियम-१३७ पासून येणाऱ्या गॅमा किरणाचा फोटॉन हिरव्या प्रकाशाहून सुमारे ३ लाख पट दांडगा. म्हणजे गच्चीवरचा टॉवर आणि अणुभट्टीतला गॅमा यांच्या बरोबर मधोमध कोण बसलंय? तुमच्या टेबलावरचा दिवा! टॉवरच्या लहरींना आणि गॅमा किरणांना एकाच शब्दात गुंडाळणं म्हणजे थेंब आणि तोफगोळा यांना ‘वरून पडणारी वस्तू’ म्हणण्यासारखं आहे.

म्हणून टॉवरला क्लीन चिट?

थांबा. इथे सायन्सवाल्यांची एक सवय असते. एवढं कळलं की ते टॉवरला विरोध करणाऱ्या काकांना अडाणी ठरवून मोकळे होतात. तेही बरोबर नाही.

थेंबाने काच फुटत नाही, पण पूर तर येतो ना? दुबळे फोटॉन भरपूर संख्येने आले की ऊब देतात. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच जोरावर चालतो. (त्यात ‘रेडिएशन उतरत’ नाही, बटण बंद केलं की ते संपतं.) म्हणूनच टॉवरच्या लहरींवरही मर्यादा आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ती आधीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. हा गट पुरावा मर्यादित असताना वापरतात. त्यावर अभ्यास चालू राहणं योग्यच आहे. तेव्हा काकांना गप्प बसवण्यापेक्षा त्यांच्यासोबत बसून दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर आपल्या भागातल्या टॉवरची नोंद शोधा. भीती कमी होईल किंवा तक्रार तरी नेमकी होईल.

आणि जे प्रारण बोईसरमध्ये माणसांना त्रास देण्याची शक्यता खरोखर जास्त आहे, त्याबद्दल कुणीच बोलत नाही. एमआयडीसीच्या रस्त्यावर फॅब्रिकेशनच्या शेडसमोरून चालत जा. वेल्डिंगच्या निळ्या-पांढऱ्या ठिणगीतून जोरदार अतिनील प्रकाश बाहेर पडतो. वेल्डरच्या तोंडावर काच असते. शेजारी पत्रा धरून उभ्या असलेल्या हेल्परचं काय? त्याच्या डोळ्यांवर अनेकदा काहीच नसतं. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. हा अतिनील प्रकाशाने डोळ्याच्या बाहुलीवरच्या पारदर्शक पडद्याला बसलेला चटका. आयटीआयला असलेल्या तुमच्या मित्राला हे नक्की विचारा. टॉवरवरचा मोर्चा निघतो, हेल्परच्या चष्म्यासाठी अर्जही निघत नाही.

तारापूरचा खरा प्रश्न

आता तारापूर. १९६९ मध्ये इथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन आल्या. इथे मात्र विषय दमदार फोटॉनचाच आहे, आणि त्यातही नुसत्या फोटॉनचा नाही. अणुकेंद्रातून गॅमा निघतो, तो प्रकाशाचा भाऊ. पण अल्फा, बीटा आणि न्यूट्रॉन हे पदार्थाचे कण. ते प्रकाशाच्या घराण्यातले नाहीत, तरी ‘रेडिएशन’ या पिशवीत तेही असतात.

इथे एक फरक पक्का करून ठेवा. किरण वेगळा आणि किरण सोडणारा पदार्थ वेगळा. टॉर्चचा उजेड भिंतीवर पडला म्हणून भिंत टॉर्च होत नाही. पण ओल्या हळदीचा हात लागला तर डाग भिंतीवर राहतो, तुमच्या शर्टालाही लागतो. लासलगावला २००२ पासून असं केंद्र आहे जिथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देतात. तिथूनच किरण दिलेला आंबा २००७ मध्ये अमेरिकेला गेला. तो आंबा किरणोत्सर्गी होत नाही. तो टॉर्चचा उजेड. एक्स-रे काढून आलेल्या माणसाजवळ बसायला घाबरायचं नाही, तेही याचमुळे.

अणुकेंद्राच्या शेजाऱ्यांनी काळजी करायची ती हळदीच्या डागाची. जपानमध्ये मार्च २०११ मध्ये फुकुशिमाला लोकांना गावं सोडावी लागली, कारण आयोडीन आणि सीझियमसारखे किरणोत्सर्गी पदार्थ बाहेर पडून हवेतून जमिनीवर बसले. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही पाणी उकळून वाफ करणाऱ्या त्याच कुळातल्या आहेत, पण आकाराने लहान आणि रचनेने आणखी जुन्या. म्हणून ‘तिथे रेडिएशन आहे का?’ हा प्रश्नच चुकीचा. ते तर सगळीकडे आहे. जमिनीतून, आकाशातून, आपल्याच शरीरातल्या पोटॅशियम-४० मधून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळतेच. वसईच्या केळ्यातही पोटॅशियम-४० असतं, म्हणून कुणी शिकरण सोडलेलं नाही. छातीच्या एका एक्स-रेला ०.१ किंवा त्याहून कमी लागतात, पोटाच्या सीटी स्कॅनला आठ-दहासुद्धा. अणुकेंद्रामुळे सामान्य माणसाला मिळणाऱ्या मात्रेवर आपल्याकडे वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे.

खरे प्रश्न असे आहेत. यंदा आपल्या किनाऱ्यावरच्या मासळीत, दुधात, विहिरीच्या पाण्यात काय मोजलं गेलं? तारापूरला पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे, नमुने घेतले जातात. ते आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का लागू नयेत? आपत्कालीन नियोजनासाठी केंद्राभोवतीचा १६ किलोमीटरचा परिसर धरला जातो. बोईसर त्यात येतं. भोंगा वाजला तर घरात थांबायचं की बाहेर पडायचं, हे तुमच्या वर्गातल्या किती जणांना माहीत आहे? ‘प्रकल्प सुरक्षित आहे’ हे वाक्य आणि ‘प्रकल्प घातक आहे’ हे वाक्य, दोन्ही आकड्याशिवाय सारखीच पोकळ आहेत.

चुकीच्या शब्दाआड कोण सुटतं?

माझा मुख्य राग इथे आहे. वास आला आणि आपण ‘रेडिएशन’ म्हटलं की ज्या कारखान्याने वायू सोडला तो सुटला. किरणोत्सर्गाला वास नसतो. वास येतोय म्हणजे रसायन आहे आणि तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायला हवी. केंद्र समुद्रात सोडतं त्या गरम पाण्याने मासळीवर काय होतं, हा प्रश्न उष्णतेचा आहे. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. तिथल्या लोकांचा प्रश्न जमिनीचा, घराचा, रोजगाराचा आहे, आणि तो वर्षानुवर्षं न्यायालयात गेला. ‘तुम्ही उगाच रेडिएशनला घाबरता’ असं म्हणून या सगळ्यांची बोळवण करणं सोपं होतं. आणि ती संधी आपणच देतो. याउलट तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाची संघटना राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली तेव्हा भाषा नेमकी होती. सांडपाणी, प्रक्रिया केंद्र, खाडी. म्हणून ते ऐकावं लागलं.

नेमकी माहिती जीवही वाचवते. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चं उपकरण फोडलं गेलं. एका कामगाराचा मृत्यू झाला, काही जण गंभीर आजारी पडले. ते उपकरण कुठून आलं होतं? दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून. वर्षानुवर्षं न वापरता पडून होतं, लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. शिकलेल्या माणसांच्या इमारतीतून बाहेर पडलेली वस्तू न शिकलेल्या माणसाच्या हातात मृत्यू घेऊन गेली. बोईसरमध्ये भंगाराची दुकानं किती आहेत, ते तुम्हाला सांगायला नको. पिवळ्या पाटीवरच्या तीन पात्यांच्या चिन्हाचा अर्थ तिथल्या पोरांना कुणी सांगितलाय का? एका रविवारचं काम आहे. एनएसएसच्या कॅम्पमध्ये झाडं लावता, हेही करा.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, ‘हे सायन्सवाल्यांचं’ म्हणून पान उलटू नका. उद्या तुम्हीच सरपंच, पत्रकार, वकील, बँकेतले अधिकारी असाल. गणित नको, फक्त तीन प्रश्न पाठ करा. कसलं? म्हणजे फोटॉन दुबळा की दमदार, की कणच. किती? म्हणजे आकडा काय आणि मर्यादा काय. आणि उजेड की हळद? म्हणजे किरण नुसता येऊन गेला, की पदार्थ मागे राहिला.

पुढच्या वेळी फॅमिली ग्रुपवर ‘सावधान! रेडिएशन!’ असा फॉरवर्ड आला की हसणारा इमोजी टाकू नका आणि घाबरून पुढेही ढकलू नका. हे तीन प्रश्न टाका. पुढच्या ग्रामसभेत अधिकारी ‘चिंतेचं कारण नाही’ म्हणाले की त्यांनाही हेच तीन प्रश्न विचारा. आणि हॉस्टेलवर कुणी विचारलंच, ‘रात्री चमकतोस का?’, तर सांगा, हो. शरीराच्या उबेचा अवरक्त प्रकाश आपण सगळेच सोडतो, दिवसरात्र. तूसुद्धा.